नवा डंपर घेतलाय? मग हौद्यात आतून एक रेघ मारा

खडी, वाळू, मुरूम विकले जातात ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, आणि दंड बसतो टनावर. या धंद्यात नव्याने उतरलेल्या गाडीमालकाची पहिली फसगत इथेच होते. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "गाडी किती ब्रासची?" आपण हौद्याचं, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाचं, माप सांगतो. क्रशरवाला, म्हणजे दगड फोडून खडी करणारा, हौदा बघून भरतो, चालक वरून ताडपत्री बांधतो आणि गाडी निघते. एवढ्या साखळीत वजन हा शब्द कोणाच्याच तोंडी येत नाही. तो पहिल्यांदा कानावर पडतो तो हायवेवर, आरटीओच्या वायुवेग पथकातल्या निरीक्षकाकडून. तेव्हा ऐकून काही उपयोग नसतो.

मीही पहिलं वर्ष असंच काढलं. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्याआधी काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणाला दहा चाकी टिपर धरतो, कारण नवा माणूस बहुतेक तोच घेतो किंवा भाड्याने लावतो. सहा चाकी असो की सोळा चाकी, हिशेबाची रीत तीच, आकडे आपापले घालायचे.

आधी आरसी उघडा

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, वजनाचे दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. या दुसऱ्यालाच आपण 'पासिंग' म्हणतो. कार्ड पुसट झालं असेल तर एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून तपशील पाहता येतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय, शोरूमवाल्याने काय सांगितलं, आधीचा मालक किती भरायचा, यातलं काहीही तिथे चालत नाही.

आता २०१८ ची गोष्ट, कारण यावरून पार्किंगमध्ये रोज वाद होतात. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाची मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या, म्हणजे सहा चाकी ट्रकचं पासिंग १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. तीन एक्सलच्या दहा चाकीचं २५ वरून २८.५ टनांपर्यंत गेलं. कंपन्यांनी त्यानुसार नवी मॉडेलं काढली. पण तुम्ही सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आरसीवर १६,२०० किंवा २५,००० छापलेलं असेल, तर तुमचा आकडा तोच. शेजारची तशीच दिसणारी गाडी १८.५ ला पास आहे म्हणून तुमची होत नाही. जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, टायर बघतात, पाटे मोजतात. पासिंग बघायचं मात्र विसरतात. सव्वादोन ते साडेतीन टनांचा फरक म्हणजे दर खेपेला अर्धा ते पाऊण ब्रास माल कमी. गाडीच्या किमतीची घासाघीस करताना हे धरा.

रिकाम्या गाडीचा काटा करा

आरसीवर रिकामं वजन असतंच की, मग काटा, म्हणजे वजनकाट्यावर वजन, कशाला? कारण आरसीवरचं वजन गाडी पास झाली त्या दिवसाचं असतं. त्यानंतर हौद्याला तळाला जादा पत्रा लागतो, फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, पट्ट्या वेल्ड होतात, केबिनवर लोखंडी कॅरियर चढतो. डिझेलची टाकी ३०० लिटरची असेल तर ती भरल्यावर अडीचशे किलो नुसतं डिझेलच. स्टेपनी, जॅक, पाना, ताडपत्री, दोरखंड, चालक, क्लीनर. रस्त्यावर काटा होतो तेव्हा हे सगळं एकूण वजनात धरलं जातं.

म्हणून टाकी भरून, सगळं सामान गाडीत ठेवून, हौदा खरवडून एकदा काटा करा आणि ती पावती जपून ठेवा. खरवडून हे मुद्दाम म्हणतोय. मुरूम वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात पुढच्या भिंतीच्या मुळाशी, जिथे टिप करतानाही माल सुटत नाही, तिथे ओल्या मातीचा थर बसत जातो. पावसाळ्यात तो वीतभर जाड होतो आणि वाळला की कुदळीनेच निघतो. आडवा सात-साडेसात फूट लांब असा तो थर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. तेवढं वजन दर खेपेला फुकट फिरत असतं, त्याचं भाडं कोणी देत नाही.

आपल्या उदाहरणातल्या दहा चाकीचं पासिंग २८,००० किलो धरू. काट्यावर रिकामी गाडी ११,६०० भरली. वजाबाकी केली की १६,४०० किलो उरतात. हा तुमचा माल. हा आकडा केबिनमध्ये डॅशबोर्डवर रंगाने लिहून ठेवा. चालक बदलतात, आकडा बदलत नाही.

एका ब्रासचं वजन किती?

ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. हे फक्त आकारमान आहे. त्यात कापूस भरला तरी ब्रास आणि लोखंड भरलं तरी ब्रास. म्हणून प्रत्येक मालाचं ब्रासमागे वजन वेगळं धरावं लागतं.

आपल्याकडच्या काळ्या दगडाची २० मिलिमीटरची खडी सैल भरली तर ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन भरते. नदीची कोरडी वाळू साधारण तेवढीच. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूत, बारीक भुकटी असते, ती दाण्यांच्या फटीत बसते, म्हणून ती जड: पावणेपाच ते पाच टन. मुरूम कुठल्या टेकडीचा आहे आणि किती ओला आहे यावर साडेचार ते पाच.

पाण्याचं गणित सरळ नाही. थोडी दमट वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि दाणे एकमेकांपासून दूर राहतात. अशा वाळूचा ब्रास कोरड्यापेक्षा हलकाही भरू शकतो. तीच वाळू पूर्ण भिजली की फुगवटा जातो, फटींमध्ये पाणी भरतं आणि वजन एकदम चढतं. धुऊन लगेच भरलेली क्रश सँड, जिचं पाणी फाळक्याच्या फटीतून रस्ताभर गळत असतं, ती सगळ्यात फसवी. माझ्याच गाडीत मे महिन्यात तीन ब्रास क्रश सँडचा काटा १४.१ टन आला होता. जुलैत त्याच क्रशरवरून, त्याच रेघेपर्यंत भरलेल्या मालाचा १५.६ टन आला. दीड टन पाणी मी चाळीस किलोमीटर वाहून नेलं, आणि गिऱ्हाइकाने माल मात्र तीन ब्रासचाच धरला. तेव्हापासून पावसाळ्यात क्रश सँड धुऊन रात्रभर निथळलेल्या ढिगावरूनच भरायची असं क्रशरवाल्याशी ठरवून घेतलंय. तो पहिल्यांदा कुरकुरला, आता त्याचे बाकीचे गाडीवालेही तेच मागतात.

हे आकडे अंदाजाला ठीक आहेत. तुमच्या क्रशरच्या मालाचं खरं वजन मात्र तुम्हीच काढायचं. पहिल्या चार-पाच खेपांना हौद्यात टेपने माप घ्या, काटा करा, भागाकार करा, वहीत लिहा. दगड खाणीगणिक बदलतो.

रेघ कुठे मारायची?

आता शीर्षकातली रेघ. दहा चाकीचा हौदा आतून १५ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ५ फूट उंच असेल तर तो ५६२ घनफुटांचा, म्हणजे ५.६ ब्रासचा. दिसायला साडेपाच ब्रासची गाडी. माल मात्र १६.४ टनच नेता येतो. क्रश सँड ४.९ टनाने धरली तर १६.४ भागिले ४.९, म्हणजे ३.३५ ब्रास. इतक्या मालाची हौद्यातली उंची तीन फुटांच्या जरा आत येते. खडी ४.३ टनाने धरली तर ३.८ ब्रास, उंची ३ फूट ५ इंच.

म्हणजे वरचे दीड-दोन फूट रिकामे ठेवूनच गाडी निघायला हवी. बघणाऱ्याला ती अर्धवट भरल्यासारखी दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढीच?" चालकालाही लाज वाटते. नव्या मालकाचा हात सुटतो तो या क्षणी. मग हा हौदा एवढा उंच बनवतात कशाला? कोळसा, राख, बांधकामाचा हलका राडारोडा अशा मालासाठी. हौद्याची उंची बघून ठरवणं म्हणजे पोत्याचा आकार बघून हमालाची ताकद ठरवण्यासारखं.

हौद्याच्या आत दोन्ही बाजूंना, पुढून मागेपर्यंत, ऑइलपेंटने दोन रेघा मारा. खालची पांढरी क्रश सँड आणि मुरुमासाठी, वरची पिवळी खडीसाठी. घासून पुसल्या जातात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा माराव्या लागतात. डबाभर रंगाचं काम आहे. जेसीबीवाल्याला टनाची भाषा कळत नाही असं नाही, पण रात्री अकराला ओळीत दहा गाड्या उभ्या असताना त्याला रेघच लवकर कळते.

सहा चाकीचा हिशेबही याच रीतीने निघतो. जुन्या १६.२ टन पासिंगच्या गाडीचं रिकामं वजन साडेसहा टन असेल तर ९.७ टन माल बसतो. साडेचार टनाने दोन ब्रासच्या जरा वर. सहा चाकीला 'दोन ब्रासची गाडी' म्हणायची पद्धत उगाच पडलेली नाही. जुन्या लोकांना हा हिशेब ठाऊक होता. पुढे कोणीतरी हौद्याला फळ्या लावून तिची तीन ब्रासची केली. या फळ्या म्हणजे गाडीत परवानगीशिवाय केलेला बदल. वजनाचा दंड त्याखेरीज वेगळा.

बाकीचा माल थोडक्यात

सिमेंटचं पोतं ५० किलोचं, टनाला वीस. १६.४ टनांत ३२८ बसतात, ३२० भरा. लाल विटा साधारण तीन किलोंच्या. पण पावसात भिजलेली वीट पाणी पिते, म्हणून ओल्या भट्टीवरून भरताना शंभरामागे वीस-तीस किलो जास्तच धरा. सळईही तितकीच फसवी. सोळा टन सळईचं लोखंड जेमतेम दोन घनमीटर, हौद्याच्या तळाला झोपलेलं दिसतं आणि गाडी रिकामी वाटते. तिथे डोळ्यांवर विसंबायचंच नाही. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एका मीटर सळईचं किलोतलं वजन. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो. आणि सळया हौद्याबाहेर काढून नेऊ नका. बाहेर आलेल्या मालाचा गुन्हा वेगळा, त्याला २०,००० रुपये दंड. रेडीमिक्सवाल्यांना माझ्यासारख्याने सांगायची गरज नाही: काँक्रीट घनमीटरला २.४ टन, सहा घनमीटरला १४.४ टन.

भरताना उभे राहा

निदान पहिले पंधरा दिवस. साध्या जेसीबीचं पुढचं बकेट साधारण एक घनमीटरचं असतं. क्रश सँडचं एक भरलेलं बकेट म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे आपल्या दहा चाकीला नऊ बकेट, दहावं नाही. क्रशरवरच्या मोठ्या लोडरचं बकेट दुप्पट-तिप्पट असतं. त्याचं एकच बकेट जास्त पडलं की संपलं. म्हणून मोठ्या लोडरवाल्याशी आधी बोला. शेवटचं बकेट अर्धंच टाकायला सांगा.

माल कुठे पडतो हेही पाहा. एकूण वजन बरोबर असलं तरी एका एक्सलवर जास्त येऊ शकतं. पुढचा एक्सल, मागचे एक्सल यांची मर्यादा वेगवेगळी असते आणि पथकाकडे चाकाखाली ठेवायचे काटे असतील तर तेही मोजता येतं. सगळा माल फाळक्याकडे गेला तर पुढची चाकं हलकी होतात. चढावर स्टिअरिंग हलकं लागतंय असं चालक म्हणाला तर समजा, माल मागे पडलाय. सगळा केबिनला टेकून पडला तर पुढचे टायर आतून-बाहेरून खाल्ले जातात. मधोमध, थोडा पुढच्या बाजूला, आणि वरून सपाट. ढीग ठेवला की पहिल्या गतिरोधकाला रस्त्यावर सांडतो आणि मागचा दुचाकीवाला घसरतो. ताडपत्रीही त्यासाठीच, फक्त धुळीसाठी नाही.

भरून झाल्यावर तिथेच काटा. बऱ्याच क्रशरवर स्वतःचा काटा असतो. नसेल तर रस्त्यात सगळ्यात आधी जो काटा लागेल त्यावर. काट्यावर चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे ना पाहा. सगळी चाकं फलाटावर हवीत, गाडी न्यूट्रलला. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाची दरवर्षी पडताळणी लागते, त्याचं प्रमाणपत्र खोलीत लावलेलं असतं. ते त्याच वर्षाचं आहे का बघायला दोन सेकंद लागतात. पावतीवर गाडी नंबर, तारीख, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि मालाचं निव्वळ वजन हे सगळं हवं. काट्याच्या थर्मल कागदाची पावती उन्हात काळी पडते, म्हणून लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जास्त भरलं असेल तर तिथेच उतरवा. क्रशरवर उतरवायला जेसीबी उभाच असतो, रस्त्यावर तो बोलवावा लागतो.

कागदांत ब्रास आणि टन जुळले पाहिजेत

खडी, मुरूम, वाळू हे गौण खनिज. महाराष्ट्रात त्यांच्या वाहतुकीला महाखनिज प्रणालीवरून निघालेला ई-टीपी, म्हणजे वाहतूक पास, लागतो. त्यावर गाडी नंबर, मालाचं परिमाण, कुठून कुठे आणि कोणत्या वेळेपर्यंत हे असतं. तो तपासतात महसूलवाले: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार. वजन तपासतात आरटीओवाले. दोघांचे कायदे वेगळे, पण गाडी एकच.

इथे नवा माणूस दोन्हीकडून सापडतो. पासवर तीन ब्रास आणि हौद्यात पाच. म्हणजे आरटीओच्या लेखी ओव्हरलोड आणि महसूलच्या लेखी दोन ब्रास विनापास, अवैध. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली त्या मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी तहसीलच्या आवारात जाऊन उभी राहते. म्हणून पासवरचं ब्रास आणि काट्याच्या पावतीवरचे टन एकमेकांशी जुळतात का, हे निघण्याआधी पाहा. ३.३ ब्रास क्रश सँड आणि १६.२ टन, हे जुळतं. ३ ब्रास आणि २४ टन, हे कोणालाही दिसतं.

रस्त्यावर

गाडीचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान त्याच प्रमाणात वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवून हे मोजलं गेलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, नुकसान सोळापट. ११.५ टनांच्या एक्सलवर १५ टन आले तर नुकसान जवळपास तिप्पट. गावच्या रस्त्यावर खाण सुरू झाली की एका पावसाळ्यात रस्ता उखडतो आणि ग्रामसभा डंपर अडवते, त्याच्यामागे हेच गणित आहे. अडवणाऱ्या लोकांशी हुज्जत घालू नका. त्यातल्या निम्म्यांची पोरं त्याच रस्त्याने शाळेत जातात.

छोट्या पुलांवर भारक्षमतेची पाटी असते. मोठ्या रस्त्यावरून वळसा पडतो म्हणून चालक आतल्या रस्त्याने घालतात आणि तिथेच अशा पाट्या असतात. पहिल्या खेपेआधी मालकाने स्वतः दुचाकीवरून तो मार्ग एकदा पाहून यावा. पूल, विजेच्या खाली आलेल्या तारा, शहरात जड वाहनांना बंदी असलेले तास, सगळं डोळ्यांखालून जातं.

घाटाचं मात्र सविस्तर. २८ टनांसाठी बनवलेले ब्रेक ३९ टनांना सपाटीवर थांबवतातही, म्हणून चालकाला वाटतं काही फरक पडत नाही. उतारावर तसं नाही. तिथे ब्रेक सारखे दाबून लायनर आणि ड्रम तापतात, आणि तापले की पकड सुटत जाते. पेडल तसंच लागतं, गाडी मात्र थांबत नाही. पुण्याजवळ नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा पट्टा किती अपघातांमुळे बातमीत आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. दरवेळी कारण ओव्हरलोडच असतं असं नाही; पण लांब उतार, न्यूट्रलला टाकलेली गाडी आणि जादा वजन हे तिन्ही एकत्र आले की कोणाच्या हातात काही उरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या चालकाला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवू नका. यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

पकडली तर

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खालचा दंड असा: जादा वजनाला २०,००० रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि माल उतरवायचा खर्च तुमचा. आपला दहा चाकी काठोकाठ क्रश सँडने भरला तर ५.६ ब्रास म्हणजे २७.४ टन माल, ११ टन जादा. दंड ४२,००० रुपये. त्या जादा सव्वादोन ब्रासवर किती सुटले असते, ते तुमच्या भावाने लावून बघा.

दंड भरला म्हणजे तसंच पुढे जायची मुभा मिळाली, हा मोठा गैरसमज आहे. जादा माल उतरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. पूर्वी काही राज्यांत जादा पैसे घेऊन ओव्हरलोड गाड्यांना जाऊ देण्याची सोय केली होती; सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात ती बेकायदा ठरवली. गाडी फक्त चालवणाराच नव्हे, चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही या कलमात येतो, म्हणजे मालकही. चालकाचं लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. तुमच्या सांगण्यावरून जास्त भरून त्याचं लायसन्स गेलं, तर ते तीन महिने त्याच्या घरी पगार कोण देणार, हे आधीच बोलून घ्या. बोलायला बसलात की बहुतेक वेळा जास्त भरायचा विचारच गळून पडतो.

निरीक्षकाने हात केला की थांबायचं. काट्यावर यायला नकार देणं किंवा पळ काढणं याला ४०,००० रुपये, ओव्हरलोड असो वा नसो. पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर ते तुम्हाला नेऊ शकतात. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, ई-टीपी आणि भरतानाची काट्याची पावती एकाच फाइलमध्ये पुढे करा. काट्यावर तुमच्यासमोर वजन होतंय ना, शून्य दिसतंय ना, ते पाहा आणि पावतीची एक प्रत मागा. तुमच्या पावतीत आणि त्यांच्या पावतीत पन्नास-शंभर किलोंचा फरक काट्याकाट्याचा असतो, त्यावर भांडू नका. फरक टनाचा असेल तर शांतपणे दुसऱ्या काट्याची विनंती करा आणि ती लेखी करा. जादा वजन निघालं तर उतरवण्याचा आदेशही लेखीच असतो. त्याची प्रत जपून ठेवा.

भाव टनावर ठरवा

सगळ्यात अवघड गोष्ट. बाजारातला खेपेचा भाव ओव्हरलोड गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ठरलेला असतो. पाच ब्रास नेणारा खेपेला जो दर सांगतो तो ३.३ ब्रास नेणाऱ्याला परवडत नाही, आणि गिऱ्हाईक खेपच मोजतं. म्हणून खेपेचा भाव करूच नका. साइटवाल्याला सांगा, टनावर घ्या, प्रत्येक गाडीमागे काट्याची पावती देतो. मोठ्या ठेकेदारांना हे चालतं, कारण त्यांच्या हिशेबनिसाला पावती आवडते. घर बांधणारा साधा माणूस ब्रासच मागतो. त्याला ब्रासनेच द्या, पण उतरवण्याआधी हौद्यात त्याच्यासमोर टेप लावा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले शंभर, सगळं फुटांत. भरताना मोजलेले ३.३ ब्रास खड्ड्यांतून येईपर्यंत बसून ३.१ होतात, हेही आधीच सांगून ठेवा. माल तेवढाच असतो, फटी कमी होतात. माझ्या गिऱ्हाइकांशी झालेली निम्मी भांडणं याच दोन-तीन इंचांवरून झाली होती.

आणि रस्त्यात माल उतरवायची वेळ आलीच, तर जी दुसरी गाडी बोलवाल तिच्या नंबरचं काय करायचं ते आधी विचारा. पहिल्या गाडीचा ई-टीपी पहिल्या गाडीच्या नंबरचा असतो. घाईत दोन टन खडी मित्राच्या गाडीत टाकून त्याला पुढे पाठवलं, आणि पुढच्या चौकात मंडळ अधिकारी उभे असले, तर ती गाडी विनापास धरली जाते. म्हणून त्या दुसऱ्या गाडीच्या मालाची कागदाची सोय लागेपर्यंत तिचं इंजिन चालू करू देऊ नका.